दर रविवारी मोजून पाणी घातलं, तरी सक्युलंट का कुजलं?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत सहा सक्युलंट (पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी मांसल झाडं) आणली, ठाण्यात सातव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या फळीवर मांडली, दर रविवारी प्रत्येकाला पाव कप पाणी आणि मधूनमधून पानांवर स्प्रे. मेपर्यंत सगळं छान. जुलैत दोन एचेव्हेरिया आणि एक लोंबतं सेडम लागोपाठ लिबलिबीत होऊन गेलं. उरलेल्या तिघांपैकी जेडची पानं आता सुरकुतायला लागलीत. पाणी वाढवू की कमी करू, आणि नेमकं किती दिवसांनी घालू, हा तुमचा प्रश्न.

आधी जेडचं बघू, कारण ते अजून वाचू शकतं. आज त्याला पाणी घालू नका. जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी घ्या, कुंडीच्या कडेनं अगदी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी बाहेर काढा. काडी कोरडी निघाली तर झाडाला खरंच तहान लागली आहे, भरपूर पाणी घाला, दोन-तीन दिवसांत पानं टरारून येतील. पण काडीला ओल आणि माती लागली असेल (आणि ऑगस्टात ठाण्यात ती लागणारच, असं माझं मन सांगतंय), तर माती ओली असूनही झाड तहानलेलं आहे. म्हणजे पाणी ओढणारी मुळंच उरलेली नाहीत. अशा वेळी सुरकुत्या बघून पाणी वाढवणं ही सगळ्यात महाग चूक. मी ती डोंबिवलीत असताना किमान दहा-बारा वेळा केली आहे, म्हणून इतक्या खात्रीनं सांगते.

तर जेड कुंडीतून उपटा. ओली माती हातानं झाडून टाका. पांढरी किंवा फिकट तपकिरी, ओढली तरी न तुटणारी मुळं ठेवा. काळी, चिकट, साल हातात येणारी मुळं कापून टाका. बुंधा दाबून बघा. कडक असेल तर झाड सावलीत, हवेशीर जागी, वर्तमानपत्रावर चार-पाच दिवस नुसतं आडवं ठेवा. घाबरू नका, जेडला आठवडाभर मातीशिवाय काही होत नाही. बुंधा मऊ असेल तर धारदार ब्लेड स्पिरिटनं पुसून घ्या आणि वरून खाली नव्हे तर खालून वर कापत जा, प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसत. कापाच्या मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा वलय दिसतंय तोवर कुजकं शिल्लक आहे. पूर्ण हिरवट-पांढरा काप आला की थांबा. तो शेंडा आठवडाभर सुकू द्या, कापावर कोरडी खपली धरली पाहिजे. मग कोरड्या मिश्रणात खोचा आणि पहिलं पाणी आणखी आठवड्यानं. कापावर दालचिनीची पूड लावतात. मीही लावते, पण खरं काम सुकवण्यानं होतं, दालचिनीनं नाही.

आता बाकीची तीन का गेली? पाव कप पाणी जास्त नव्हतं. एप्रिलमध्ये तर ते कदाचित कमीच होतं. झाडं मेली ती घातलेल्या पाण्यानं नव्हे, न सुकलेल्या मातीनं. एप्रिलमध्ये तुमच्या हॉलमधली कुंडी पाच-सहा दिवसांत सुकत होती. जुलैत हवाच पाण्यानं भरलेली, ऊन नाही, खिडक्या पावसासाठी बंद. तीच कुंडी तीन आठवडे ओली राहते. तुम्ही मात्र दर रविवारी आणखी पाव कप त्यात घालत होतात. चौथ्या रविवारपर्यंत मुळांना हवा मिळेनाशी झाली, आणि गुदमरलेल्या मुळांवर बुरशी चढायला दोन दिवस पुरतात.

एचेव्हेरिया आधी का गेल्या, त्यालाही कारण आहे. क्रॅसुलाच्या (म्हणजे जेडच्या) कुळातली ही झाडं आणि त्यांच्यासारखी इतर अनेक सक्युलंट दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. या पद्धतीला त्या कुळाचंच नाव पडलं आहे. पण हा रात्रपाळीचा कारभार नीट चालायला रात्र थंड लागते. एचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा. ठाण्यात जुलैची रात्र २५ अंशांच्या आसपास आणि दमट. झाड जवळपास झोपी जातं, पाणी ओढतच नाही. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतल्यासारखं होतं ते. त्यात आपल्याकडे विकायला येणारी बरीच देखणी सक्युलंट कालिम्पोंगसारख्या थंड डोंगरी भागातल्या नर्सऱ्यांत वाढलेली असतात. जानेवारीत ती ठाण्याला येतात तेव्हा त्यांना घरचं वाटतं. पहिला पावसाळा हीच त्यांची परीक्षा, आणि तुमच्या दोघी त्यात नापास झाल्या. माझ्या पहिल्या वर्षीच्या नऊपैकी सात झाल्या होत्या.

यावर लगेच कुणी म्हणतं, 'कोकणपट्टी दमट, इथे ही झाडं होणारच नाहीत.' हे मला पटत नाही. आपल्या सह्याद्रीचीच एक वनस्पती घ्या: शिंदळ माकुडी. शिवनेरीच्या कड्यांवर ती वाढते. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया हे शास्त्रीय नाव मिळालं. मांसल खोडाची, म्हणजे सक्युलंटच. उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या हिरव्या कांड्या राहतात, पावसाळ्यात पानं फुटतात. ही बाई जून ते सप्टेंबर सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेते आणि कुजत नाही. कारण तिची मुळं कातळाच्या भेगेत, मूठभर मातीत असतात. पडलेलं पाणी काही मिनिटांत खाली निघून जातं आणि वर सतत वारा. (ती दुर्मिळ आहे. किल्ल्यावर दिसली तर फोटो काढा, उपटून आणू नका.) तुमच्या कुंडीत या कड्याची जमेल तितकी नक्कल करायची, एवढंच आपलं काम.

म्हणून माती. माझा अर्धा वेळ लोकांना मातीबद्दल सांगण्यात जातो. नर्सरीतून आलेलं झाड बहुतेक नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात असतं. नर्सरीवाल्याची चूक नाही. त्याच्याकडे जाळीखाली भरपूर उजेड असतो आणि कोकोपीट हलकं, वाहतुकीला सोपं. आपल्या हॉलमध्ये तेच कोकोपीट ओल्या फडक्यासारखं बसून राहतं. उलट ते एकदा कडकडीत वाळलं की पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेनं सरळ खाली वाहतं आणि आपल्याला वाटतं, झालं पाणी घालून. आणखी एक गोष्ट: मुळांभोवती कधीकधी जाळीदार कापडाची छोटी पिशवी असते, रोप लहान असताना घातलेली. ती तशीच ठेवली तर मुळं तिच्याच आत कोंडतात आणि मधला गोळा कधीच सुकत नाही. तुमच्या मेलेल्या एचेव्हेरियांच्या कुंड्या अजून तशाच असतील तर उकरून बघा.

मिश्रण असं करा. विटांचे तुकडे कुटून चाळायचे, साधारण ३ ते ५ मिलिमीटरचे दाणे ठेवायचे आणि धूळ धुऊन काढायची. त्याचे दोन भाग. पर्लाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र दगडी दाणे) एक भाग. चाळलेलं पालापाचोळ्याचं खत किंवा गांडूळखत एक भाग. वर मूठभर कोळशाचे तुकडे आणि चमचाभर निंबोळी पेंड. म्हणजे तीन भाग दगड-वीट, एक भाग खाऊ. आता पुण्यात मी हेच दोनास एक करते, कारण इथे पाऊस ठाण्याच्या मानानं फारच कमी आणि हवा कोरडी. बारीक वाळू घालू नका. वाळूनं निचरा होतो ही समजूत मोठ्या दाण्यांच्या वाळूपुरती खरी. बारीक वाळू आणि बांधकामाची क्रश सँड दाण्यांमधल्या फटी भरून काढते आणि कुंडी सिमेंट होते.

तळाशी खडीचा थर देऊ का, हे पुढचं पत्र तुम्ही लिहाल, म्हणून आत्ताच सांगते: नको. आपल्या आज्यांनी भोकावर खापरी ठेवली ती माती वाहून जाऊ नये म्हणून, आणि तेवढी एक खापरी ठीक आहे. पण खडीच्या थरानं निचरा वाढत नाही. भांडी घासायचा स्पंज घ्या, पाण्यात बुडवा, आडवा धरा. टपटप थांबली की तोच स्पंज उभा करा: पुन्हा पाणी गळायला लागेल. मातीचंही असंच असतं. तळाशी काही सेंटिमीटरचा थर ओथंबलेला राहतोच, आणि मातीचा स्तंभ उंच असला तर तो थर मुळांपासून दूर राहतो. खाली खडी भरली की मातीचा स्तंभ बुटका होतो आणि ओला थर उलट वर, मुळांजवळ येतो. याच कारणानं उथळ तबकात पाच-सहा सक्युलंट लावून दिलेल्या त्या सुंदर 'बागा' पावसाळा काढत नाहीत. काचेच्या बरण्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

कुंडी साधी मातीची, चार इंची, खाली भोक असलेली. मुळांच्या गोळ्यापेक्षा बोटभर मोठी, जास्त नाही. झाड वाढेल म्हणून आधीच मोठी कुंडी द्यायची आपली सवय शाळेच्या गणवेशासाठी बरी. भोक नसलेल्या चिनी मातीच्या मगाचा मोह होत असेल तर झाड आत प्लास्टिकच्या कुंडीतच ठेवा आणि पाणी घालताना बाहेर काढा. भेट म्हणून मिळालेल्या रोपांवर बऱ्याचदा रंगीत खडे गोंदानं चिकटवलेले असतात, तो थर पहिल्याच दिवशी फोडून काढा.

आता पाणी कसं घालायचं. पाव कप ही मोजणीच सोडून द्या. घालायचं तेव्हा भोकातून पाणी गळेपर्यंत घाला, ताटलीत साचलेलं अर्ध्या तासात ओता, आणि मग माती तळापर्यंत सुकेपर्यंत विसरून जा. थोडं थोडं पाणी वरवरची माती ओली करतं, खालची मुळं कोरडी राहून मरतात आणि क्षार साठत जातात. स्प्रेची बाटली मनीप्लांटसाठी ठेवा. पाकळ्यांसारख्या पानांच्या मधोमध पाणी साचलं की एचेव्हेरिया तिथून कुजते. तिच्या पानांवरची पांढरी पावडर हे तिचं ऊन-पावसाचं कवच आहे; धूळ समजून पुसू नका, ती पुन्हा येत नाही.

किती दिवसांनी, हे तुम्हाला हवंच आहे, म्हणून माझ्या डोंबिवलीच्या घरातला अंदाज देते. वरच्या मिश्रणात, चार इंची मातीच्या कुंडीत, पूर्वेच्या खिडकीत: नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधारण दहा-बारा दिवसांनी, मार्च ते मे सात-आठ दिवसांनी, संध्याकाळी उशिरा, जूनमध्ये पाऊस स्थिरावला की तीन-चार आठवड्यांनी एकदा, आणि ऑगस्टात एखाद्या झाडाला अख्खा महिना काही नाही. पण हे आकडे फ्रिजवर चिकटवू नका. कुंडी उचलून बघायची सवय लावा. पाणी दिल्यावर लगेच उचला, वजन हाताला कळू द्या; सुकल्यावर पुन्हा उचला. पंधरा दिवसांत हात इतका तयार होतो की काडीचीही गरज उरत नाही. आणि शंका आली की एक आठवडा थांबा. तहानलेलं सक्युलंट एका पाण्यात उठतं, कुजलेलं उठत नाही.

पानं वाचायला शिका. खालची पानं पातळ, कागदासारखी कोरडी होऊन गळत असतील तर ते म्हातारपण, सोडून द्या. सगळीच पानं सुरकुतली आणि माती कोरडी, तर तहान. पानं पिवळट, आरपार दिसणारी, फुगलेली, बोट लावताच गळणारी, तर पाणी जास्त झालं. दोन पानांमधलं अंतर वाढून झाड माना वर करू लागलं, तर उजेड कमी.

उजेडाबद्दल: टीव्हीशेजारची फळी ही जागाच चुकली. आपल्या डोळ्यांना हॉल उजळ दिसतो, पण खिडकीपासून दीड-दोन मीटर आत आलं की उजेड किती घटतो ते डोळ्यांना कळत नाही. दुपारी फळीवर हात धरा. हाताची कडा स्पष्ट दिसणारी सावली पडली तर जागा चालेल, नुसता धूसर डाग पडला तर नाही. आणि उजेड कमी म्हणजे झाड पाणीही कमी पितं, म्हणजे माती आणखी उशिरा सुकते. हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून खिडकीतल्या आणि फळीवरच्या कुंडीला एकाच रविवारी पाणी देता येत नाही. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. पश्चिमेची असेल तर मार्चनंतर पातळ पडदा लागेल. झाड आतून एकदम उन्हात नेलं तर पानांवर पांढुरके भाजल्याचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. आठ-दहा दिवसांत हळूहळू सरकवा. खिडकी नसेलच तर साधी पांढरी एलईडी ट्यूब झाडांपासून वीतभर उंचीवर, दिवसाला बारा तास. खास जांभळ्या दिव्यांवर पैसे घालवायची गरज नाही.

पावसाळ्यात मी आणखी एकच गोष्ट करते, टेबलफॅन. रोज दोन-तीन तास, सगळ्यात हळू वेगावर, झाडांच्या दिशेनं. शिंदळ माकुडीला कड्यावर मिळणारा वारा तो हाच. मिश्रण बदलण्याच्या आधी माझी झाडं याच पंख्यानं वाचायला लागली होती.

पाणी कुठलं, याचा फार बाऊ करू नका. पालिकेचं नळाचं चालतं. बोअरवेलचं जड असेल तर कुंडीवर आणि मातीवर पांढरा थर येतो. मग एखाद-दुसऱ्या वेळी पावसाचं धरून ठेवलेलं द्या. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं. आरओच्या फिल्टरमधून बाहेर फेकलं जाणारं मात्र नको, नळातल्या क्षारांचा अर्क असतो तो. खत वर्षातून दोनदा, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत: एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, बस.

कीड एकच सांगते कारण ती तुमच्याकडे येणारच आहे: पिठ्या ढेकूण. पानांच्या बगलेत कापसासारखे ठिपके. कानकोरण्याचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, दर चार-पाच दिवसांनी, महिनाभर. जेड उपटाल तेव्हा मुळांवरही हेच पांढरं पीठ दिसतंय का बघा. मुळांवरचा ढेकूण असला तर पानं सुरकुतण्याचं खापर मी पाण्यावर उगाच फोडलं असं होईल. मग मुळं नळाखाली धुवा, सुकवा, जुनी माती फेकून द्या, कुंडी उकळत्या पाण्यानं धुवा.

तुमची उरलेली दोन, हॉवर्थिया आणि सान्सेवेरिया, ही कमी उजेडातही तग धरणारी आहेत, म्हणूनच ती अजून उभी आहेत. सान्सेवेरिया तर सध्या फळीवरच राहू द्या, गणपती होईपर्यंत पाणी नको. हॉवर्थिया खिडकीत आणा, पण थेट दुपारचं ऊन नको, तपकिरी पडेल. तुमच्या जेडबद्दल एक शंका: नर्सऱ्यांत जेड म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा पोर्टुलाकारिया असतं, लालसर कांड्यांचं, नखाएवढ्या पानांचं. ते असेल तर नशीब समजा, क्रॅसुलापेक्षा ते जास्त सोसतं, आणि तुटलेल्या प्रत्येक फांदीचं नवं झाड होतं. चारपाच फांद्या वेगळ्या सुकवून लावून ठेवा, विमा म्हणून.

मेलेल्या एचेव्हेरियांची जी पानं अजून घट्ट असतील ती फेकू नका. देठापासून स्वच्छ सुटलेलं पान कोरड्या मिश्रणावर नुसतं आडवं ठेवा, पाणी नाही, ऊन नाही. दोन-चार आठवड्यांत देठाशी गुलाबी मुळं आणि मुगाएवढं रोप दिसेल. सगळीच येणार नाहीत, माझी दहातली चार येतात. विकतची एचेव्हेरिया मात्र आत्ता आणू नका. दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की आणा, आणल्याच दिवशी कोकोपीटमधून काढा, आणि जाळीची पिशवी तपासा.